चॅम्पियनची सवत

आमच्या समोरच्या दारात एक टेनिसची चॅम्पियन राहते. चॅम्पियन म्हणजे दुहेरीची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक 'चॅम्पियन' एवढं ऐकून डोळे मोठे करतात आणि 'दुहेरी' ऐकल्यावर पुन्हा होते तेवढे करतात. तिलाही याची सवय आहे. कुणी विचारलं की ती स्वतःच म्हणते, "दुहेरी, दुहेरी," जणू पायाला काही घाण लागली असावी आणि तिनं आपणहून दाखवावी.

चौदा स्पर्धा जिंकल्या तिनं. त्यातली एक इतकी मोठी होती की बक्षीस द्यायला कोट घातलेली सहा माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी पेपरात एकेरीवालीचा फोटो अर्ध्या पानाचा, आणि आमच्या बाईचा शब्दकोड्याच्या खाली, तोही कोपरा कापून. त्या कापलेल्या कोपऱ्यात तिचा चषक धरलेला हात गेला. चषक मात्र खरा आहे. तिच्या बाल्कनीत असतो, कपड्यांचे चिमटे ठेवायला.

मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. वर्षातले तीस आठवडे ही बाई बाहेर. दुसऱ्या कुणी अंथरलेल्या पलंगावर झोपायचं, दुसऱ्या कुणी केलेलं खायचं, आणि घरी आली की तीन मजले एका दमात चढायची, हातात बॅग घेऊन. मी दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकून दम घेत असायची तेव्हा ती शेजारून जायची आणि म्हणायची, "काय काकू, कशा आहात?" धाप लागलेल्या माणसाला असं विचारू नये.

पण माझा हेवा म्हणजे पोरखेळ. खरा जळफळाट तिच्या घरात होता, आणि तो तिच्या नवऱ्याचा.

नवरा चष्मेवाला. खाली कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, अरुंद आणि लांबट, आत गेलं की दोन्ही भिंतींवरून दोनशे चष्मे तुमच्याकडे बघतात. माणूस गरीब गाय. कुणाशी भांडण नाही, आवाज चढवणं नाही. एकच व्यक्ती त्याच्या डोळ्यांत खुपायची. बायकोची जोडीदारीण.

ही जोडीदारीण लांबच्या शहरातली, उंच, उजव्या हाताची, कमी बोलणारी. दोघींची गाठ पडली ती एका हॉटेलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत. आमची बाई तेव्हा चोवीस वर्षांची, एकेरी खेळायची आणि मुख्य स्पर्धेत शिरण्याआधीच हरून परत यायची. ती उंचही तशीच हरून आली होती. कपडे वाळवायचं यंत्र एकच चालू होतं. दोघींनी आपापले कपडे एकत्र घातले आणि ते वाळेपर्यंत बाकावर बसून ठरवलं की आलोच आहोत तर दुहेरीत नाव घालू. कपडे वाळले, आणि जोडी नऊ वर्षं टिकली.

चष्मेवाला मला एकदा जिन्यात म्हणाला, "काकू, बाईला सवत असते हे ऐकलं होतं. पुरुषाला असते का?"

"का हो भाऊजी, काय झालं?"

"मला आहे. वर्षातले तीस आठवडे बायको त्या जोडीदारणीबरोबर एका खोलीत राहते. उरलेले बावीस आठवडे फोनवर असते. माझ्या वाट्याला येते ती मोबाइल चार्जिंगला लावल्यावर."

झालं. त्या दिवसापासून ती उंच बाई आमच्या इमारतीत 'सवत' झाली. मीच केली. तळमजल्यापर्यंत नाव पोचायला दोन दिवस लागले. चॅम्पियननं ऐकलं तेव्हा हसली, आणि मग तीही म्हणायला लागली. "सवतीचा खांदा दुखतोय." "सवतीचं तिकीट झालं." नवरा मान खाली घालून काचा पुसायचा.

आता टेनिसचं थोडं सांगते, कंटाळू नका, याच्यावरच पुढचं सगळं आहे. दुहेरीत मैदानाच्या आपल्या बाजूचे दोन भाग, एकेकीचा एक. आमची डावखुरी, आणि उभी राहायची उजव्या भागात. सवत उजव्या हाताची, ती डाव्या. म्हणजे दोघींचे जबर हात मधल्या रेघेकडे. समोरच्यांनी मधे चेंडू मारला की दोघींनाही तो घ्यायचा मोह. अशा वेळी बहुतेक जोड्यांच्या रॅकेटी एकमेकींवर आपटतात. यांच्या नऊ वर्षांत एकदाही नाही आपटल्या. आधीचा चेंडू जिनं मारला तिनं मधला घ्यायचा, असं ठरलेलं होतं, पण चॅम्पियन म्हणायची, "ठरवलं ते पहिल्या वर्षी. नंतर आठवावं लागलं नाही."

घरी मात्र दाराची बेल वाजली की नवरा-बायको दोघंही सोफ्यावर बसून राहायचे. तो समजायचा ती उठेल, ती समजायची तो. बाहेर मी वाटी घेऊन उभी. शेवटी आतून त्याचा आवाज यायचा, "सवत असती तर कळलं असतं तुला कुणी उठायचं."

अशी नऊ वर्षं गेली, आणि मग एका हिवाळ्यात, स्पर्धा संपलेल्या असताना, फोन आला. तीन मिनिटांचा. तिनं मला वेळ सांगितला म्हणून मला माहीत. सवत म्हणाली, माझी अजून दोन-तीन वर्षं आहेत, मला एक नवी मुलगी मिळाली आहे, तेवीस वर्षांची, तिची सर्व्हिस फार जोरात आहे, तुझा वेग कमी झालाय, तुला इतर कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. ही म्हणाली, "बरं."

"फक्त बरं?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? खरं बोलत होती."

चष्मेवाल्यानं त्या आठवड्यात दुकानात सगळ्यांना चष्म्याची डबी फुकट दिली. मलाही दोन मिळाल्या. पण त्याचा आनंद महिनाभर टिकला. कारण सवत घरातून गेली नाही, उलट आता कायमची येऊन बसली. आधी ती फोनमध्ये होती, आता पडद्यावर आली. ही बाई सोफ्यावर बसून सवत आणि त्या नवीचे सामने बघायची. आवाज बंद करून. पुन्हा पुन्हा, मागे नेऊन.

दुहेरीत नेटजवळ उभी असलेली पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते, म्हणजे मागच्या जोडीदारणीला कळावं की ही कुठे धावणार आहे. या दोघींच्या सहा खुणा होत्या. त्यातली एक, करंगळी अंगठ्याला लावलेली, चॅम्पियननं स्वतः बसवली होती. ती खूण सवत त्या नवीला करते का, हे हिला बघायचं होतं. पडदा थांबवायची, जवळ जाऊन डोळे बारीक करायची. शेवटी नवऱ्याला हाक मारली, "तुमचं ते भिंग आणा दुकानातलं."

बिचारा घेऊन आला. बायकोच्या सवतीच्या पाठीमागचा हात भिंगातून बघत बसला. "नाही," तो म्हणाला, "ही दोन बोटं आहेत. करंगळी नाही."

"म्हणजे नवीन खुणा बसवल्या."

"मग चांगलंच की. तुझी दिली नाही तिला."

"नवीन बसवायला वेळ लागतो," ती म्हणाली. "बसून बसवाव्या लागतात. एकत्र."

म्हणजे तीच खूण दिली असती तरी ही पेटली असती, नवीन दिली तरी पेटली. मला हे कळतं. माझ्या धाकट्या जावेनं माझ्याकडून शिवण शिकून माझ्यापेक्षा बरं शिवलं तेव्हा मीही जळले, आणि मग तिनं शिवण सोडलं तेव्हाही जळले.

मी तिला तेव्हा सरळ विचारलं होतं, "तुला हवंय तरी काय? तिनं हरावं?"

"नाही," ती म्हणाली. "मला ती परत हवीय. बास. तिच्या शेजारचा उजवा भाग माझा आहे."

दरम्यान तिनं दुसरी जोडीदारीण धरली होती, कारण एकटीनं दुहेरी खेळता येत नाही. हिला इमारतीनं 'बदली' म्हटलं, जशी शाळेत एक बाई रजेवर गेली की दुसरी येते तशी. बदली एकोणतीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, तोंडानं अखंड बडबड. सरावासाठी तीन दिवस इथे राहायला आली होती. मी बाजारातून येताना जिन्यात भेटली, माझ्या दोन्ही पिशव्या उचलून वर नेल्या आणि दारात ठेवून म्हणाली, "काकू, बटाटे जड आहेत हं, भाजीवाल्यानं काटा तुमच्या बाजूनं झुकवलाय." चॅम्पियननं नऊ वर्षांत माझी एक पिशवी उचलली नव्हती. मला ती पोरगी आवडली.

तिचा एक दोष होता, आणि तो तिनं त्या तीन दिवसांत चॅम्पियनला सांगितला. उजवा गुडघा. पुढे धावायला ठीक, पण मागे जाताना त्यात जोर येत नाही. "डोक्यावरून गेलेला चेंडू तू घे," ती म्हणाली, "आणि कुणाला कळू देऊ नकोस, नाहीतर सगळ्या तेच करतील." चॅम्पियन म्हणाली, नाही कळू देणार. आणि दीड वर्ष दोघी बऱ्यापैकी खेळल्या. जिंकल्या नाहीत मोठं काही, पण आठवडे निघत होते. चॅम्पियन डोक्यावरचे चेंडू घ्यायची, बदली बडबडायची, आणि बडबडीच्या मधे चॅम्पियनचं लक्ष शेजारच्या मैदानावर असायचं, जिथे सवत खेळत असायची.

मग ती स्पर्धा आली. पुढचं मला चॅम्पियननं जिन्यात सांगितलं, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा थोडं जास्त.

या स्पर्धांची एक रीत आहे. शनिवारी बारापर्यंत कचेरीत जाऊन एका कागदावर जोडीची नावं घालायची. दोघींपैकी एकीनं जाऊन दोघींचे खेळाडू क्रमांक लिहिले तरी चालतं. बारा वाजता कागद उचलतात. मग रडारड चालत नाही. चॅम्पियन साडेदहाला गेली. टेबलावरची बाई ओळखीची, तिच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं निघालं, नवरा कुठला, सासू कशी. बोलता बोलता हिनं कागद ओढला, आपला क्रमांक लिहिला, शेजारी जोडीदारणीचा लिहिला, सही ठोकली आणि बाहेर पडली.

शेजारी लिहिलेला क्रमांक सवतीचा होता.

"चुकून?" मी विचारलं.

"चुकून, काकू. नऊ वर्षं, दर आठवड्याला तोच लिहिला. हातानं लिहिला. माझं लक्ष सासूकडे होतं."

"मग दीड वर्ष बदलीचा कसा लिहिलास बरोबर?"

ती म्हणाली, "जाऊ दे ना," आणि दोन पायऱ्या वर गेली. त्या दिवशी तेवढंच.

अकरा चाळीसला सवत कचेरीत आली, नवीचं आणि आपलं नाव घालायला. टेबलावरची बाई म्हणाली, तुमचं तर झालंय. सवतीनं कागद फिरवून बघितला. आमच्या बाईचं अक्षर ती झोपेतही ओळखेल, तिचा सात म्हणजे खिळा वाकवल्यासारखा. एक रेघ मारली असती तर प्रश्न मिटला असता, बाई पेन पुढे करून बसलीच होती. सवतीनं पेन हातात घेतलं, उघडलं, पुन्हा बंद करून टेबलावर ठेवलं. "बरं," म्हणाली आणि गेली. त्या दोघींचा 'बरं' हा शब्द फार महागात पडतो लोकांना.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना बदली तिथे सहज डोकावली, सरबताचा ग्लास हातात घेऊन. तिनं आपलं नाव शोधलं. नाही. मग चॅम्पियनचं शोधलं. ते होतं. तेवढ्यात मागून नवी आली, तीही आपलं नाव शोधायला. दोघी एकमेकींना फक्त तोंडओळखीनं जाणत होत्या. बदलीनं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझीही पळाली का?" दोन मिनिटं उरली होती. दोघींनी एका रेघेत आपापले क्रमांक लिहिले.

दुपारी चिठ्ठ्या निघाल्या. पहिलाच सामना: चॅम्पियन आणि सवत विरुद्ध नवी आणि बदली. हे मी रचलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, काकू, पुरे. पण चिठ्ठीला लाज नसते.

चॅम्पियननं घरी फोन केला. चष्मेवाला दुकानात होता, समोर गिऱ्हाईक. ती म्हणाली, "सवत परत आली."

"कुणाकडे?" तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं असेल, पण मला हा प्रश्न अजून आवडतो.

बदलीला तिनं काय सांगितलं? सांगितलं की चूक झाली, हात चुकला. बदली म्हणाली, "मग बारापर्यंत येऊन दुरुस्त करायचा." हिनं म्हटलं, कळलंच नाही. तिनं पुढे काही विचारलं नाही. दिवसभरात तेवढा एकच वेळ बदली गप्प होती म्हणे.

सामना होता नऊ नंबरच्या मैदानावर, गाड्या लावायच्या जागेला लागून. तीसेक माणसं बघायला, त्यातली निम्मी खेळाडूच, दोन घटस्फोट आणि दोन लग्नं एका ठिकाणी बघायला मिळणार म्हणून आलेली. चॅम्पियन उजव्या भागात जाऊन उभी राहिली. पायाखालची रेघ, डावीकडे ती उंच सावली, सगळं जागच्या जागी. पहिला मधला चेंडू आला, हिनं घेतला, सवत बाजूला सरकली, एक शब्द न बोलता. "काकू," ती मला म्हणाली, "दीड वर्ष मी श्वास अर्धाच घेत होते, हे तेव्हा कळलं."

आणि मग पहिल्या विश्रांतीला बाकावर बसल्या बसल्या तिनं ते केलं. कुणी विचारलं नव्हतं. सामना हातातून जात होता असंही नाही. तिला काहीतरी द्यायचं होतं सवतीला, परत आल्याबद्दल. माहेरहून येताना काही आणावं तसं. पाणी पिता पिता ती म्हणाली, "बदलीच्या उजव्या गुडघ्यात जोर नाही. मागे जाता येत नाही तिला. डोक्यावरून टाक."

सवतीनं तिच्याकडे बघितलं. बाटलीचं झाकण लावलं. "नक्की?"

"दीड वर्ष मीच घेतेय तिच्या डोक्यावरचे."

मग दोघींनी तेच केलं. उंच चेंडू, बदलीच्या डोक्यावरून, मागच्या रेघेजवळ. ती वळायची, दोन पावलं टाकायची आणि थांबायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी बघणाऱ्या खेळाडूंच्या लक्षात आलं. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. एकदा बदली जोर करून मागे धावली आणि बसकण मारल्यासारखी पडली. उठली, मोजे झटकले, जागेवर गेली. पहिला सेट सहा-दोन.

पुढच्या विश्रांतीला चॅम्पियन खुशीत. "आता नवीचं सांग. अडचणीत आली की दुसरी सर्व्हिस कुठे टाकते?"

"बघ की तूच."

"तुला माहीत असेल ना."

"माहीत आहे," सवत म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

दुसरा सेट सहा-चार, पण तो चॅम्पियन खेळली कशी हे तिलाच ठाऊक. चेंडू नवीकडून यायचा तेव्हा ही चेंडूकडे बघायच्या ऐवजी शेजारी बघायची. सवत नवीकडे बघताना कशी बघते, तिचा चेंडू जोरात मारते की हळू, तिला वाचवते का. जिंकत होती आणि आतल्या आत होरपळत होती. नेटपाशी हात मिळवताना बदली म्हणाली, "छान झालं. तुझ्या वाट्याचे चेंडू आज मलाच घ्यावे लागले." एवढंच. नवीनं हात मिळवला तो सवतीशी, हिच्याशी नुसती बोटं.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. चॅम्पियन केस विंचरत म्हणाली, "पुढच्या आठवड्याचं नाव मी घालू की तू घालतेस?"

"नको घालू."

"का? जिंकलो की."

सवत कमी बोलते हे मी सांगितलं आहे. त्या दिवशी बोलली. "माझ्या खांद्याचं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "वर हात गेला की कुठे अडतो ते. नऊ वर्षं तुला एकटीला माहीत होतं. आज सकाळपर्यंत मला वाटायचं, ते तुझ्यापाशी सुखरूप आहे."

"मी तुझं कधी कुणाला सांगितलं नाही."

"सांगायची वेळ आली नव्हती ना."

हिला राग आला. राग आला की माणूस नको तो प्रश्न विचारतो. "आणि तू? नवीला माझं काय काय सांगितलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही? दीड वर्षात?"

"आम्ही दोनदा तुझ्याविरुद्ध खेळलो. ती विचारायची. मी म्हणायचे, बघ की तूच." मग तिनं बॅगेची चेन लावली. "कागदावर माझा क्रमांक बघितला तेव्हा मला वाटलं, तू मुद्दाम लिहिलास. बोलावलंस म्हणून. मी आले. तो आनंद झाला मला, तेवढा खरा."

"मग चुकून लिहिला होता असं सांगितलंस का तिला?" मी जिन्यात विचारलं.

"नाही," चॅम्पियन म्हणाली. "तेवढं तरी तिच्याकडे राहू दे."

दुसऱ्या फेरीत त्या हरल्या. सवत दोन दिवस नवीच्या मागे मागे फिरली, आणि नवीनं तिला परत घेतलं. बदलीला दुसरी कुणीतरी मिळाली. चॅम्पियनला मात्र कुणी मिळेना. ते जग आमच्या इमारतीएवढंच आहे, तळमजल्यापर्यंत बातमी पोचायला दोन दिवस लागतात. ही बाई गुडघे सांगते, असं झालं. दोन स्पर्धा ती मिळेल त्या बाईबरोबर खेळली, आणि दोन्ही बायका बाकावर बसल्या की तिच्यापासून हातभर लांब बसायच्या. मग तिनं थांबायचं ठरवलं. पेपरात दोन ओळी आल्या. या वेळी फोटो नव्हता, म्हणजे कापायचा प्रश्न आला नाही.

बदलीला तिनं चार वेळा फोन केला. चौथ्यांदा उचलला. ही माफी मागत होती, ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझा एक टॉवेल माझ्याकडे राहिलाय, पाठवते." आठवड्यानं आला. धुतलेला, इस्त्री केलेला, चार घड्यांचा. बरोबर चिठ्ठी नाही. चॅम्पियननं तो अजून उलगडलेला नाही, मी बघून आले आहे.

आता ती पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर बायकांना शिकवते. संध्याकाळी नवरा-बायको दुकानात असतात. मागच्या मंगळवारी मी डोळे तपासायला गेले होते. चष्मेवाल्यानं माझ्या नाकावर ती लोखंडी चौकट बसवली, एक डोळा झाकला, दुसऱ्यात काच घातली आणि म्हणाला, "वाचा." मी वाचत होते. चॅम्पियन स्टुलावर बसून फोनवर काही बघत होती. काय ते सांगायला नको. सवत आणि नवी कुठेतरी उपांत्य फेरीत होत्या.

इतक्या महिन्यांत त्यानं तिला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी, हातातली काच माझ्या डोळ्यासमोर धरून, माझ्याकडे बघत त्यानं तिला विचारलं, "तू सवतीला माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?"

चॅम्पियननं फोन खाली केला. "कधी?"

"नऊ वर्षांत."

मी तिसरी ओळ वाचायची थांबले. मला कुणी वाच म्हटलंही नाही.

"सगळं," ती म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"दुकानाला कुलूप लावून तुम्ही तीनदा परत येऊन ओढून बघता. आईंशी फोनवर बोलताना रडता आणि सर्दी झाली म्हणता. पहिल्या वर्षी दुकान बंद करायची वेळ आली होती, ते. डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं होतं, ते."

काच त्याच्या हातातच राहिली. मला एका डोळ्यानं तो धूसर दिसत होता, दुसरा डोळा झाकलेला. कधी नव्हे ते कान चांगले असल्याचा मला उपयोग झाला.

"आणि तिनं कुणाला सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुणाला नाही. ती सांगत नाही."

"त्या नवीला?"

"नाही हो. ती कुणाचं कुणाला सांगत नाही."

त्यानं काच चौकटीत घातली. उलटी घातली होती, पण मी बोलले नाही. बराच वेळ तो चौकटीचा स्क्रू पिळत राहिला. मग म्हणाला, "बाई चांगली दिसते."

"कोण?"

"सवत. मी उगाच नाव ठेवत होतो. नऊ वर्षं आपलं घर तिच्या पोटात आहे आणि एक शब्द बाहेर नाही. एकदा बोलवायला हवं तिला घरी. आहे का तिचा नंबर?"

चॅम्पियन स्टुलावरून उठली. फोन पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली.

"कशाला हवाय नंबर?" ती म्हणाली. "काय बोलायचंय तुम्हाला तिच्याशी?"